सलग रेघ

पोकलेनचा पंजा तिसऱ्यांदा वर आला आणि तिसऱ्यांदाही त्यात कोरडी पिवळी मातीच होती. चालकाने ती कडेच्या ढिगावर ओतली, इंजिन बंद केलं आणि केबिनमधून वाकून विचारलं,

"मॅडम, अजून किती?"

खड्ड्याच्या काठावर हेल्मेट घालून उभ्या असलेल्या इंजिनिअर बाईने हातातल्या नकाशाकडे बघितलं, मग खाली बघितलं. नकाशाप्रमाणे साडेचार मीटरवर दगडी कमानीची पाठ लागायला हवी होती आणि कमानीखाली नदी. आता सहा मीटर झाले होते. नदी राहू दे, साधी ओलसुद्धा नव्हती.

"थांबा जरा," ती म्हणाली.

तिचे वडील पंधरा पावलांवर, मोठ्या छत्रीखाली मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. आज त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. नदी रस्त्याखाली गेली त्या काळी तिची मोजणी ज्यांनी केली, तेच मोजणीदार आज ती उघडताना बघतील, ही लेकीच्या वरिष्ठांची कल्पना. त्यांना द्यायला फुलांचा गुच्छही आणला होता, आणि तो सुकू नये म्हणून बादलीत ठेवला होता. त्या साऱ्या जागेत पाणी म्हणाल तर तेवढंच.

लोक खड्ड्यात डोकावून तर्क लढवत होते. नदी आटली असेल, कुणी म्हणालं. नदीने पात्र बदललं असेल, दुसरा म्हणाला. खड्डा कोरडा का, हे त्या गर्दीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो मान खाली घालून स्वतःच्या बुटाची नाडी बघत होता.

खड्डा होता तिथे पंधरा दिवसांपूर्वी एक दुमजली घर होतं. खाली बाइंडिंगचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. बाइंडरबाई तिथे चाळीस वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं शिवत आल्या होत्या. नदी मोकळी करायची तर तिच्या डोक्यावरची तीन घरं जाणार, असं नकाशा सांगत होता. पहिलं त्यांचं.

मोजणीच्या खात्यात एक नियम असतो, आणि तो पहिल्याच दिवशी शिकवतात. जे डोळ्यांनी पाहिलं आणि फितीने मोजलं त्याची सलग रेघ. जे पाहिलं नाही, नुसता अंदाज केला, त्याची तुटक रेघ. तुटक रेघ काढण्यात कमीपणा काही नाही. मला इथलं माहीत नाही, एवढंच ती प्रामाणिकपणे सांगते.

अडतीस वर्षांपूर्वी मोजणीदार त्या नदीत उतरले होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मदतनीस, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा आणि शंभर पटींनी धीट. नदी अर्धीअधिक आधीच कुठल्याशा जुन्या पिढीने कमानींखाली घातली होती. उरलेलीवर स्लॅब टाकून रस्ता करायचा होता. तीन दिवस काम छान झालं. चौथ्या दिवशी, खाली उतरायच्या अकराव्या चेंबरच्या पुढे, कमान खाली खाली येत गेली. आधी मान वाकवली, मग कंबर वाकवली, मग रांगायची वेळ आली. टॉर्चच्या उजेडात समोर काळं पाणी आणि त्याच्यावर हातभर पोकळी. मोजणीदारांच्या छातीत असं धडधडायला लागलं की तो आवाज त्यांना कमानीवर आपटून परत ऐकू यायला लागला. ते 'पुढे नको' असंही म्हणाले नाहीत. नुसते उलटे फिरले आणि शिडी चढून वर आले.

"पुढे गाळ फार आहे," वर आल्यावर ते म्हणाले.

मदतनीसाने त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. गुडघ्यांना गाळ नव्हता.

"मग तेवढं तुटक काढा, साहेब," तो म्हणाला आणि शिडी उचलायला लागला.

तुटकच काढायची होती. पण कचेरीत मोजणीदारांना म्हणायचे 'एकटाकी'. पेन टेकवला की रेघ संपल्यावरच उचलायचा. ना खाडाखोड, ना शाईचा डाग. वरिष्ठ त्यांचे नकाशे इतरांना दाखवून त्यांची हजेरी घेत. अशा माणसाच्या नकाशात मधोमध एकशेचाळीस मीटर तुटक म्हणजे एकटाकी इथे घाबरला, अशी पाटी लावल्यासारखंच की. त्यांनी अकरा नंबर आणि बारा नंबर यांच्यामध्ये पट्टी ठेवली, श्वास रोखला आणि रेघ ओढली. सलग. रेघ सुरेख आली. आणि उघडून बघणार होतं कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही तर कमानीखाली कायमची झाकलेली. मदतनीसाने नकाशा पाहिला, पण तो कधी बोलला नाही. पुढे तो वारला.

गेल्या वर्षी लेक कचेरीतून हसत हसत घरी आली होती.

"बाबा, तुमचा नकाशा सापडला! तळघरात, एका नळीत गुंडाळून ठेवलेला. बाकी सगळ्यांनी अर्धं काम तुटक ठेवलंय. तुमच्या नकाशात एकही तुटक नाही."

तेव्हाच सांगायचं. तेव्हा सांगितलं असतं तर बापलेक हसले असते. पण ती त्यांच्याकडे ज्या कौतुकाने बघत होती, ते कौतुक त्यांना आणखी एक दिवस हवं होतं. दिवसाचे आठवडे झाले, आठवड्यांचे महिने, आणि ते मूग गिळून बसले. जुन्या शहरातल्या गल्ल्या अरुंद, घरोघरी तळघरं, त्यामुळे जमिनीखालचं बघणारं यंत्र तिथे सारखं फसायचं. म्हणून कचेरीने ठरवलं होतं की तुटक रेघ असेल तिथेच यंत्र लावायचं, सलग असेल तिथे नकाशावर भरवसा ठेवायचा. हे लेकीनेच त्यांना सांगितलं. मोजणीदार स्वतःची समजूत घालत राहिले की दोन चेंबरांच्या मधे नदी वळून वळून वळणार किती.

बाराच्या सुमाराला गर्दी पांगली. साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये लेक लॅपटॉपपुढे बसली होती. हेल्मेटचा वळ कपाळावर तसाच होता.

"तुमच्या वेळचे आकडे आताच्या पद्धतीत बदलून घेतले ना, तिथेच माझं काहीतरी चुकलंय," ती मान वर न करता म्हणाली. "दोनदा तपासलं. सापडत नाहीये."

"नसेल चुकलं."

"मग खड्डा कोरडा कसा, बाबा? एका बाईचं घर पाडलंय मी." तिने डोळे चोळले. "चार वाजता बैठक आहे. तिथे सांगून टाकते, चूक माझी. दुसरं काय सांगणार? नकाशा तर बरोबरच आहे."

मोजणीदार दारातच उभे होते. पत्रा तापला होता आणि त्यांच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

"अकरा ते बारा मी गेलोच नव्हतो," ते म्हणाले.

लेकीची बोटं थांबली.

"म्हणजे?"

"उतरलो, पण पुढे गेलो नाही. रेघ मी टेबलावर काढली."

"किती मीटर?"

"एकशेचाळीस."

"का?"

"घाबरलो."

तिने लॅपटॉप मिटला. बराच वेळ ती त्याच्या झाकणावरचे धुळीचे ठसे बोटाने पुसत राहिली.

"बाइंडरबाईंची नोटीस मी तुम्हाला वाचून दाखवली होती," ती म्हणाली. "जेवताना."

"हो."

"तुम्ही मीठ मागितलंत."

मीठ मागितलेलं त्यांना आठवत होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना त्या घटकेला कळलं.

लेक उठली, केबिनचं दार लावून घेतलं आणि परत येऊन बसली. तिचा आवाज आता कामाचा झाला होता.

"हे कुणाला सांगू नका. मी म्हणेन, आकडे बदलताना माझ्याकडून चूक झाली. मेमो मिळेल, फार तर एक बढती हुकेल. सगळा पट्टा यंत्राने पुन्हा बघायला लावते, म्हणजे पुढची दोन घरं वाचतील. काम भागलं. पण तुमचं नाव निघालं ना, तर तुमचा एकूण एक नकाशा लोक उकरतील. या वयात तुम्हाला ते झेपणार नाही, आणि मलाही बघवणार नाही."

"अगं, पण तू का..."

"घरी जा, बाबा. जेवून घ्या आणि झोपा."

आणि खरं सांगायचं तर मोजणीदारांना हायसं वाटलं. पासष्टीचा माणूस, शाळेत मार चुकलेल्या पोरासारखा केबिनच्या पायऱ्या उतरला. साइटवरच्या एका कारकुनाने धावत येऊन बादलीतला गुच्छ त्यांच्या हातात दिला. "साहेब, तुमच्याच नावाने आणलाय, न्या घरी," असं तो म्हणाला आणि त्यांनी चक्क आभार मानले.

गुच्छातून पाणी ठिबकत होतं. गल्लीतली माणसं वाट देत होती, एकदोघांनी नमस्कारही केला. कोपऱ्यावर आल्यावर मात्र ते हायसं वाटणं आंबायला लागलं. अडतीस वर्षं ती रेघ खोटी होती, पण निदान एकट्याची होती. आता चार वाजता दहा माणसांसमोर लेक तीच रेघ गिरवणार होती, त्यांच्याहून ठळक. घरचा रस्ता उजवीकडे होता. मोजणीदार डावीकडे वळले, कारण डावीकडे ती बंद पडलेली शाळा होती जिथे बेघर झालेल्यांची सोय केली होती.

बाइंडरबाईंना तिसरीचा वर्ग मिळाला होता. मास्तरांच्या टेबलाच्या जागी त्यांचा पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा उभा होता, फळ्याला टेकून पुठ्ठ्यांची चळत, आणि बाई स्वतः तिसरीतल्या पोरांच्या ठेंगण्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन एक जाडजूड पुस्तक शिवत होत्या. त्यांचा मुलगा खिडकीशी फळी ठोकत होता.

"या, मोजणीसाहेब," बाई म्हणाल्या. त्यांची नजर गुच्छावर गेली. "आधी कागद आला, मग पोकलेन आलं, आता फुलं? क्रम जरा उलटा झाला म्हणायचा."

मोजणीदारांनी गुच्छ खाली ठेवला. कुठे ठेवला हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"खड्डा कोरडा निघाला म्हणे," बाई पुढे म्हणाल्या. "बसा. तुम्ही आलात ते बरं झालं. मला तुमची माफी मागायची होती."

"माझी?"

"नोटिशीवर मी हरकतीचा अर्ज केला होता. त्यात लिहिलं होतं की हा नकाशा खोटा आहे. मग मॅडमचं उत्तर आलं, सोबत तुमच्या नकाशाची प्रत. कचेऱ्यांची दप्तरं बांधण्यात जन्म गेला माझा, सलग कशाला म्हणतात आणि तुटक कशाला ते मला कळतं. म्हटलं, हा माणूस चिखलात उतरून बघून आलाय, आणि मी वर खुर्चीवर बसून त्याला खोटं पाडतेय. फार लाज वाटली हो मला. दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घेतला."

मोजणीदार उभेच होते. बाकाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

"अर्ज कशावरून केला होतात?"

"अहो, पाणी माझ्या घराखाली नव्हतंच कधी. ते वाजतं पार पलीकडे, सलूनच्याही मागच्या बोळात. सकाळी गाड्या सुरू व्हायच्या आधी स्पष्ट ऐकू यायचं, चाळीस वर्षं ऐकलं. पण तुमची रेघ बघितली आणि म्हटलं, आपलंच काहीतरी बिघडलंय." त्यांनी दाभणाने मुलाकडे खूण केली. "याने नेलं मला कानाच्या डॉक्टरकडे."

"वयाने होतात असे भास," मुलगा खिळे तोंडात धरून म्हणाला. "गोळ्या चालू आहेत तिच्या."

"दोन सकाळी, एक रात्री," बाई म्हणाल्या. "झोप तेवढी छान लागते."

मोजणीदारांनी सांगायला सुरुवात केली. केबिनमध्ये चार शब्दांत आटोपलं होतं, इथे तसं होईना. चेंबरचा नंबर सांगितला, कमान किती खाली आली ते सांगितलं, उलटे कसे फिरलो ते सांगितलं, गाळाचं खोटं सांगितलं, पट्टी कशी ठेवली तेही सांगितलं. वर्षभर गप्प बसलो हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की बाईंना पुढे वाकावं लागलं.

दाभण पुस्तकाच्या पाठीत अर्धं गेलं होतं, ते तसंच राहिलं.

"मग माझे कान?" बाईंनी विचारलं.

"तुमचे कान ठीक आहेत."

"ऐकलंस?" बाई मुलाला म्हणाल्या.

मुलाने तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि हाताच्या मुठीत धरले. चिडायला त्याने तोंड उघडलं होतं, पण त्याला आधी गोळ्याच आठवल्या असाव्यात. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"माझं घर गेलं की हो," बाई म्हणाल्या. ओरडून नव्हे, आत्ताच कुणीतरी बातमी सांगितल्यासारख्या. "नदीसाठी गेलं म्हणून मी मनाची समजूत घातली होती. शहराचं भलं होतंय तर होऊ दे, म्हटलं. आणि हे गेलं कशासाठी?"

मोजणीदारांनी हात जोडले. बाईंनी ते हात बघितले नाहीत. त्या उठल्या, दारात गेल्या आणि व्हरांड्यात बसलेल्यांना हाक मारली. शेजारच्या वर्गात बाईंच्या पाडलेल्या घरातले, वरच्या एका खोलीतले भाडेकरू, एक म्हातारं जोडपं, राहत होतं, ते आलं. सलूनवाला दुपारचा गप्पा मारायला आला होता. पुढच्या महिन्यात दुसरा नंबर त्याच्या घराचा होता. तोही आला.

"यांना सांगा," बाई म्हणाल्या.

मोजणीदारांनी म्हाताऱ्या जोडप्याला सांगितलं. सलूनवाल्याला सांगितलं. मागून दोघंतिघं आली, त्यांना बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. प्रत्येक वेळी लाज कमी होईल असं त्यांना वाटत होतं, ती काही होत नव्हती. आणि ऐकून झालं की प्रत्येक जण तेच विचारायचा.

"पण एवढं होतं तरी काय खाली?"

"काळोख," मोजणीदार म्हणायचे.

"नुसता काळोख?"

"नुसता काळोख."

"नुसत्या काळोखाला घाबरून तुम्ही माझ्या घरावरून रेघ नेलीत," सलूनवाला म्हणाला. त्याच्या हातात कंगवा होता, तो त्याने खिशात घातला आणि पुन्हा बाहेर काढला. "मी माझी खुर्ची विकलीसुद्धा, साहेब."

पावणेचार वाजता लेक आली. ती जवळजवळ पळतच आली होती.

"बाबा, फोन का उचलत नाही तुम्ही? घरी नाही, कुठे..." वर्गातली माणसं दिसली आणि ती उंबऱ्यातच थांबली.

"या मॅडम," बाइंडरबाई म्हणाल्या. मग त्या मोजणीदारांकडे वळल्या. "हिला सांगितलंत?"

सगळ्यांच्या माना लेकीकडे वळल्या. तिच्या काखेत बैठकीची फाइल होती. ती वडिलांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पकडलं जाण्याची अशी भीती होती जी मोजणीदारांनी ती शाळेत असल्यापासून बघितली नव्हती. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न उघड होता. कधी सांगितलंत? आणि मग ती चार वाजता काय सांगायला निघाली होती?

"नाही," मोजणीदार म्हणाले. "हिला अजून नाही सांगितलं."

"मग सांगा की."

मोजणीदारांनी लेकीला पहिल्यापासून सांगितलं. अकरावा चेंबर, खाली येत गेलेली कमान, गाळ न लागलेले गुडघे, पट्टी, एकशेचाळीस मीटर. आतापर्यंत त्यांना ते पाठ झालं होतं. लेक उंबऱ्यात उभी राहून फरशीकडे बघत ऐकत होती. मधे एकदाही तिने मान वर केली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र लालभडक झाल्या होत्या.

सांगून संपलं. वर्गातले सगळे लेकीकडे बघत थांबले. सगळ्यांनी जे विचारलं होतं ते ती विचारेल म्हणून थांबले. ती काहीच विचारेना.

सलूनवाल्याने तोंड उघडलं तेवढ्यात बाइंडरबाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग मोजणीदारांकडे, मग पुन्हा लेकीकडे. बाकावरचं अर्धवट शिवलेलं पुस्तक उचलून त्यांनी मांडीवर घेतलं आणि आपल्या शेजारी जागा केली.

"बस, पोरी," त्या म्हणाल्या. "आता तू सांग."